लानश्यांगची कबर आणि बारा कोटी वर्षांचा पक्षी

शीवान गाव,
बाराव्या चांद्रमहिन्याची आठवी, दुपार

आदरणीय शौछुआनदादा,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे थान देयूचा, वाकून नमस्कार. (वाकतो खरा, पण सरळ व्हायला हल्ली भिंतीचा आधार लागतो, तेव्हा नमस्कार नेहमीपेक्षा जरा लांबलाय.) तुमचं खुब्याचं हाड कसं आहे? काठी सुटली का? दालिएनची समुद्राची हवा हाडांना वाईट, असं इथे सगळेच सांगतात. त्यांच्यातल्या एकानेही समुद्र पाहिलेला नाही, पण सांगतात ठामपणे. वहिनींना नमस्कार सांगा.

माझं म्हणाल तर ठीक चाललंय. आज आठवी म्हणून खीर शिजत ठेवली आहे. आठ जिन्नसांची करायची ती पाचांचीच झाली, कारण उरलेले तीन जिन्नस लानश्यांग कुठल्या डब्यात ठेवायची ते मला माहीत नाही. विचारावं म्हणून सवयीने हाक मारली. मग स्वतःच पळीने खीर ढवळत बसलो. लसूण मात्र व्हिनेगरमध्ये घातला आहे. तो तिच्यासारखा हिरवा होईल याची खात्री देत नाही.

पत्राला कारण आहे, पण यंदा आपल्या भागात काय धुमाकूळ चाललाय ते सांगितल्याशिवाय ते तुमच्या ध्यानात यायचं नाही. दादा, हे वर्ष माणसांचं नव्हतंच. वसंतापासून आतापर्यंत आपल्या डोंगरातून एकामागून एक नवे प्राणी निघताहेत. नवे म्हणजे बारा कोटी वर्षांपूर्वी मेलेले, पण शास्त्रज्ञांनी यंदा पहिल्यांदा पाहिले म्हणून नवे. (माणूस मात्र मेला की दुसऱ्या दिवशीच जुना होतो.) पलीकडच्या गावात कोंबडीएवढा, पिसंवाला डायनोसॉर निघाला. ओढ्याकाठी बेडूक निघाला. आणि क्वोच्या डुकरांच्या गोठ्याच्या भिंतीत, तीही मी रचलेली भिंत, एक केसाळ उंदरासारखा प्राणी निघाला, शेवटचं जेवण पोटात जसंच्या तसं. मग काय, ज्याच्या घरी पहार होती तो उठला आणि आपली भिंत फोडायला लागला. गवंडी म्हणून जन्मभर रचलेलं सगळं काम डोळ्यांदेखत उकललं गेलं. चपट्या दगडाचे पापुद्रे काढून लोक पुस्तकासारखे चाळत होते. काही निघालं नाही की दगड तिथेच टाकायचा आणि मला बोलवायचं, देयू, एवढी भिंत परत घालून दे. त्या आठवड्यात डुकरं गावभर मोकळी फिरत होती आणि सरपंच ल्यूच्या ओसरीवर झोपत होती.

फांगकाकूंचं तर तुमच्या कानावर आलंच असेल. आंबवलेल्या कोबीच्या रांजणावर त्यांच्या सासूच्या काळापासून जो चपटा दगड दाबायला ठेवलेला होता, त्याच्या खालच्या अंगाला मासा निघाला. साधा नाही, दातवाला, कुणी कधी न पाहिलेला. प्रयोगशाळेची माणसं आली, दगड कापसात गुंडाळून घेऊन गेली, काकूंना लाल मानपत्र दिलं आणि रांजणावर ठेवायला ओढ्यातला एक गोल धोंडा दिला. धोंडा एका बाजूला कलला, कोबी वर आला, सडला, आणि सबंध गल्लीला दारं लावून बसावं लागलं. तिकडे प्रयोगशाळेत पावसाळी हवेत मासा अजून आंबूस वास मारतो म्हणतात. मानपत्र काकूंनी रांजणाच्याच वर भिंतीवर लावलंय, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या सांगतात की आमच्या घरात काही वाया गेलं नाही, फक्त कोबी गेला.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण सुरुवात आपल्या घरापासून झाली होती. तुम्ही दवाखान्यात खाटेला खिळलेले होता, म्हणून फोनवर मी लानश्यांगच्या मातीचं सगळं व्यवस्थित पार पडलं एवढंच म्हणालो. तसं ते पार पडलं नव्हतं. आपल्याकडची रीत तुम्हाला मी काय सांगावी. माहेरच्या माणसाने कबरीच्या उशाशी उभं राहायचं, आमच्या लेकीला सासरी काही कमी पडलं का ते चारचौघांत विचारायचं, उत्तर पटलं की पहिला हुंदका त्याने द्यायचा. त्याच्या आधी नवऱ्याने रडलं तर लोक म्हणतात, पाहा, काहीतरी झाकतोय. तुमच्या जागी आम्ही स्टूल ठेवलं होतं, त्यावर पांढरा पट्टा, आणि प्रश्न तुमच्या वतीने सरपंचाने विचारायचा असं ठरलं होतं. त्याने तो पाठही केला होता.

सकाळी ‘च्या’ आडनावाचे दोघे बंधू खड्डा खणायला लागले. जमीन अर्धी गोठलेली. कंबरेएवढं खोल गेल्यावर थोरल्याची पहार एका दगडावर बसली, दगड दोन पाकळ्यांत उघडला आणि आत पक्षी. पंख पसरलेला, शेपटीला दोन लांब पिसं, मान मागे टाकलेली. च्या बंधूंनी पहारी टाकल्या. मग सनईवाल्यांपैकी एक सूर अर्धा सोडून बघायला गेला, त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे सगळी मयत. डोंगरापलीकडे जीवाश्मांचं खोदकाम चालू होतं, तिथून डॉक्टर शनबाई धावत आल्या. बाई चांगल्या वळणाच्या, आधी लानश्यांगच्या अस्थींच्या पेटीसमोर तीनदा वाकल्या. पण मग अंगातला कोट काढून त्या सरळ खड्ड्यात उतरल्या आणि पालथ्या पडून ब्रशने माती झाडायला लागल्या. कबरीसाठी शुभ जमीन बघणारे म्हातारे यिनबुवा खवळले. त्यांचं म्हणणं, जिवंत माणूस कबरीत आडवं झालं की ती कबर त्याची, आता या बाई जाईपर्यंत ती दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. बाईंनी आतूनच विचारलं की मग मी अजून जरा वेळ पडून राहिले तर चालेल ना.

इकडे सूर्य डोक्यावर यायला लागला. दुपार टळल्यावर पेटी उतरवता येत नाही, म्हणून वरच्या अंगाला चार पावलं सरकून घाईघाईने दुसरा खड्डा काढला. पेटी मीच धरून उभा होतो. जड नव्हती. उतरवली, आणि सरपंच तुमच्या स्टुलाशेजारी उभा राहिला. पाठ केलेला प्रश्न त्याला आठवला नाही. त्याला पक्षी आठवला. आजचा दिवस शीवानच्या इतिहासात वगैरे तो बोलला, गावाचं नाव जगात जाणार म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. लानश्यांगला माती देताना टाळ्या वाजल्या, दादा. सनईवाल्यांनी त्यानंतर वाजवलं, पण ते सुद्धा मान वळवून वळवून.

पुढचं वर्ष असंच गेलं. कबरीपासून चार पावलांवर बाण काढलेली पाटी लागली, पक्षी येथे सापडला. पक्षी शहरात काचेत, इथे फक्त बुजवलेला खड्डा, आणि उठून दिसणारा मातीचा उंचवटा एकच, तिच्या कबरीचा. तेव्हा मोटारीतून येणारी माणसं तिच्याच पुढे उभी राहून फोटो काढतात. एक चष्मेवाले गृहस्थ उदबत्तीही लावायला निघाले होते. मी गवत काढत होतो.

"किती वर्षांचा आहे हो?" त्यांनी विचारलं.

"अडुसष्ट," मी म्हणालो.

ते फार नाराज झाले. बारा कोटी ऐकून आले होते. ही माझी बायको आहे म्हटल्यावर त्यांनी माफी मागितली, उदबत्ती मात्र पिशवीत परत ठेवली.

बाईंनी मध्यंतरी मला विचारलं होतं की पक्ष्याला लानश्यांगचं नाव देऊ का. मी नको म्हणालो. तिचा सगळा जन्म नाचणीवरून पाखरं हाकलण्यात गेला, मेल्यावर तिच्या गळ्यात पाखरू कशाला बांधायचं. मग गावाचंच नाव दिलं. आता पोस्टमनपासून सगळे म्हणतात की पक्ष्याला आपलं नाव मिळालं. लानश्यांगचं नाव घेणारा मी एकटा उरलोय, आणि मीही ते खिरीच्या वेळी घेतो.

आता मुद्दा. पक्षी ज्या थरात होता तो थर तिच्या कबरीखालून पुढे जातो, हे आता सगळ्या गावाला कळलंय. सभा झाली. सरपंचाचं म्हणणं, कबर वरच्या टेकाडावर नेऊ, दगड नवा घालू, फुलझाडं लावू, आणि गावाला संग्रहालय मिळेल. यिनबुवांनी पंचांग काढून वसंतातला मुहूर्तही सांगितला. मी उठून म्हणालो की माहेरची परवानगी असल्याशिवाय एक ढेकूळ हलणार नाही. सभा तिथेच उठली, कारण हा हक्क माहेरचाच. आम्हाला मूलबाळ नाही हे तुम्ही जाणताच, तिच्या बाजूचं माणूस म्हणजे तुम्ही एकटे. तेव्हा कृपा करून एका कागदावर तुमच्या मंग घराण्याचा ठाम नकार लिहा, खाली लाल अंगठा उठवा आणि पाठवा. तो मी सरपंचाच्या दारावर खळ लावून चिकटवीन. काही म्हणजे काही हलवू देणार नाही.

थंडी सांभाळा. घसरू नका.

तुमचा,
देयू

ता. क. गुडघ्याला लावायच्या त्या हिरव्या पट्ट्या तिकडे मिळत असतील तर पाहून ठेवा. नकाराचा कागद मात्र पाठवू नका. वर लिहिलंय तसं सभेत मी म्हणालो, हे खरं आहे. पण ते उन्हाळ्यात.

दुसरा ता. क. खीर खाऊन परत लिहायला बसलो. डॉक्टर शनबाईंवर राग धरू नका. कबर हलवा असं त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. सुगी झाल्यावर घरी आल्या, झोपायच्या तापलेल्या ओट्याच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, आम्ही खालच्या बाजूने वळसा घालून खणतो. काकूंना हलवायची काहीच गरज नाही."

मी म्हणालो, "गरज तुमची नाही, बाई. माझी आहे."

त्या ओट्यावरून उतरून गेल्या. थोड्या वेळाने सरपंचाला नवीन जागेसाठी हो म्हणून आलो. तो अजून गोंधळलेला आहे.

तिसरा ता. क. यिनबुवांनी दिलेला दिवस कबरी झाडायच्या सणाच्या आदल्या दिवशीचा आहे. तोपर्यंत तुमचं हाड जुळेल. स्टेशनवर मी घ्यायला येईन, वरपर्यंत च्या बंधू खुर्चीत बसवून नेतील, दोघांशी बोलून ठेवलंय. पेटी वर आणायची, नव्या जागी ठेवायची, तुम्ही उशाशी उभं राहायचं आणि विचारायचं, आमच्या लेकीला काही कमी पडलं का. मी काय उत्तर देईन ते मला अजून माहीत नाही. काही ना काही कमी पडलंच असणार. तुम्हाला पटलं नाही तर चार लोकांत मला बोला, मी ऐकून घेईन. गाव म्हणतं की देयू बायकोच्या मातीलाही रडला नाही, दगड फोडून फोडून दगड झालाय. त्यांना काय सांगू. वर्ष होत आलं दादा, आणि माझं रडायचं राहूनच गेलंय, कारण त्या दिवशी कुणी सुरुवातच केली नाही. तुम्ही या. तुम्ही फक्त सुरुवात करा, पुढचं मी बघतो.