निरोपाच्या वहीतले नाव

आघाडीवरून,
१२ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस,
मार्कियानचा शि. सा. न. वि. वि. प्रभू येशूचा महिमा असो.

गावानं विणलेल्या, खंदक झाकायच्या जाळ्यांची गाडी काल पोचली. मध आणि सुकी आळंबी मिळाली. लोकरीचे मोजे मिळाले म्हणेपर्यंत आमच्या तुकडीतल्या यूखिमनं पळवले. तो म्हणतो, स्तोत्र्याला थंडी वाजत नाही, त्याचा बाप देवळात गातो. इथं मला सगळे स्तोत्र्याच म्हणतात, खरं नाव आईनं कशाला ठेवलं कोण जाणे.

फोनवर आपण दोघंही ‘बरं आहे, बरं आहे’ एवढंच म्हणतो आणि ठेवून देतो, म्हणून हे पत्र. आमच्या सार्जंटकडे, ग्नातदादांकडे, एक वही आहे. कोणाला काही झालं तर पहिला फोन कोणाला करायचा, ते तिच्यात लिहिलेलं असतं. कचेरीचे कागद मागाहून हलतात, वही आधी. माझ्यापुढे तुमचं नाव होतं. गेल्या आठवड्यात मी तिथं सेवेरिनचं नाव आधी लिहायला सांगितलं, तुमचं त्याखाली. ग्नातदादांनी विचारलं, हा तुझा कोण. मग दोन वर्षांपूर्वी मधाच्या पेट्यांपाशी तुम्हाला जे सांगितलं होतं, तेच त्यांना सांगितलं. पाच वर्षं आम्ही एका घरात राहिलो, कायद्यात बसलं असतं तर लग्न केलं असतं. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली आणि विचारलं, नात्याच्या रकान्यात काय घालू. मी म्हटलं, ‘घरचा’.

आता सगळ्या तुकडीला ठाऊक आहे. एक मागणं आहे. देवळात आपल्या घराच्या नावांच्या कागदावरून तुम्ही दर रविवारी आरोग्यासाठी माझं नाव वाचता. त्याच्या शेजारी त्याचंही वाचाल का?

मधमाश्यांना माझा नमस्कार सांगा. तुमच्या आशीर्वादावर आहे.

आपला,
मार्कियान

स्तारा लिप्का,
२५ फेब्रुवारी २०२४

चि. मार्कियान यास,
अ. आ. महिमा सदासर्वकाळ असो.

तुझे पत्र तीन वेळा वाचले. नंतर पेट्यांपाशी गेलो, एकेकीला कान लावला. सहांपैकी पाच गुणगुणतात. सहावी गप्प आहे. आतल्या माश्या मेल्या की नुसत्या निजल्या, ते ऊन पडल्यावर कळेल. सध्या माझेही तसेच आहे.

मार्कियान, तू हे का केलेस? मी देवाविषयी बोलत नाही. देवाशी माझे बोलणे चालू आहे आणि त्याला वेळ लागेल. मी माणसांविषयी बोलतो. तू जखमींना उचलून आणणाऱ्या गाडीवर आहेस. उद्या तूच पडलास, तर तुला ओढून आणायला कोणीतरी तीनशे पावले उघड्यावर यायला हवे. त्या वेळी एखाद्याचा पाय क्षणभर अडखळला, एखाद्याच्या मनात आले की यासाठी कशाला, तर? तेवढा क्षण पुरतो. हे तूच मला सांगितले आहेस. शेजारच्या घरात सांगायची गोष्ट वेगळी आणि ज्यांच्या हातात आपला जीव आहे त्यांना सांगायची वेगळी. गप्प राहिला असतास तर कोणाचे काय अडले होते?

नावाचे म्हणशील, तर कागद घरागणिक वाचतात हे तुला ठाऊक आहे. नवरा, बायको, मुले, सुना. तुझ्यानंतर मी ‘सेवेरिन’ म्हटले की पहिल्या बाकावरून स्तेफानियाबाई मान वळवतील. ती मान तू लहानपणापासून ओळखतोस. मी त्याच्यासाठी मनातल्या मनात म्हणतो. तेवढ्यावर भागव.

यूखिमसाठी मोज्यांचा दुसरा जोड पाठवतो, म्हणजे पहिला तुला परत मिळेल. जिवाला जप, आणि बापाच्या बोलण्याचा राग धरू नकोस.

तुझा,
बाबा

आघाडीवरून,
१० मार्च २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

राग नाही. भीती कळते, मलाही होती. सांगितलं त्या दिवशी जेवताना नुसते चमचे वाजत होते. शेवटी यूखिमनं विचारलं, त्याला तरी रांधता येतं का, कारण तुला साधी बकव्हीटची खिचडी जमत नाही, लढाई संपल्यावर उपाशी मरशील. मी म्हटलं, बीटाचं सूप तुझ्या बायकोपेक्षा चांगलं करतो. तो म्हणाला, ते तर माझं कुत्रंही करेल. मग सगळे हसले. सगळे म्हणजे झेनोविय सोडून. त्यानं त्याच दिवशी अंथरूण उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं, ते अजून तिथंच आहे. तुमच्यापासून लपवत नाही.

कोणाचं काय अडलं होतं, असं विचारलंत. शेजारच्या तुकडीत आर्सेन म्हणून एक जण होता. त्यानं कधीच सांगितलं नाही. डिसेंबरात तो गेला. सहा वर्षं ज्याच्याबरोबर राहिला, त्या माणसाला बाराव्या दिवशी कोणीतरी इंटरनेटवर टाकलेल्या फोटोवरून कळलं. फोटोत शवपेटी होती आणि रस्त्याच्या कडेला गुडघे टेकलेलं गाव. तो आमच्याकडे आला. आर्सेनचं काही उरलंय का, म्हणून विचारत होता. कोण म्हणून द्यायचं, हे कोणालाच कळेना. शेवटी ग्नातदादांनी त्याला आर्सेनचा चहाचा कप दिला. सेवेरिननं असा कप मागत फिरावं, हे मला नको आहे. बाकी काही नाही.

सहाव्या पेटीचं काय झालं ते कळवा. लोभ आहेच, तो वाढवावा.

मार्कियान

स्तारा लिप्का,
१७ मार्च २०२४

रा. रा. सार्जंट ग्नात यांस,
स. न. वि. वि.

मी मार्कियानचा बाप. ओळख नसताना लिहितो, माफी असावी. आपल्या वहीत माझ्या मुलाने एका परक्या माणसाचे नाव माझ्या आधी लिहवले आहे. मुलगा भला आहे, पण मन मोकळे केल्याशिवाय त्याला राहवत नाही आणि त्याचे परिणाम त्याला दिसत नाहीत. वही इतरांच्याही हाती पडते. आपण ते नाव खोडावे आणि माझे एकट्याचे ठेवावे, ही हात जोडून विनंती. त्याची आई नाही. निरोप घ्यायचा तर तो मीच घ्यायचा. त्याला यातले काही कळवू नये.

दोन बरण्या मध पाठवतो. एक आपली, एक तुकडीची. आमच्या प्रार्थनेत आपण सर्व आहात.

आपला नम्र,
ओनुफ्री

२७ मार्च

ओनुफ्रीकाका,

नमस्कार. मध पोचला. तुकडीची बरणी दोन दिवसांत संपली, माझीही त्यांनीच संपवली.

नाव खोडलं आहे. मला पटलं नाही, पण मलाही मुलगा आहे, म्हणून बापाचा शब्द मोडला नाही. एक सांगतो. पोरगं गाडी चांगली चालवतं. बाकी मला त्याचं काही बघायचं नाही, आणि माझ्या माणसांनीही बघू नये असं मी त्यांना सांगितलं आहे. तुमचा फोन चालू ठेवा.

ग्नात

पोल्ताव्हा,
९ एप्रिल २०२४

चि. सेवेरिन यास,
मार्कियानच्या बापाचा नमस्कार.

वॉर्ड झाडणाऱ्या बाई तू शिकवतोस त्या शाळेवरूनच घरी जातात. त्यांच्या हाती हे पत्र देतो आहे. आधी हे वाच: मार्कियान जिवंत आहे. तो इथे, तुझ्याच गावातल्या इस्पितळात आहे. तुझ्या शाळेपासून ट्रॉलीबसचे चार थांबे.

शुक्रवारी त्यांच्या गाडीवर मारा झाला. पोटाला लागले आहे. सार्जंटने सांगितले, की झेनोविय नावाच्या माणसाने त्याला तीनशे पावले ओढत आणले. त्याचे अंथरूण मात्र अजून दुसऱ्याच कोपऱ्यात आहे. मला ज्याची भीती होती ते घडलेच नाही. जे घडले ते मी केले.

पहिला फोन तुला यायचा होता. मार्कियानने तसे लिहवले होते. मी सार्जंटला पत्र लिहून तुझे नाव खोडायला लावले. तुला त्या पत्रात मी परका म्हटले.

मग फोन मला आला. शनिवारी, उपासकाळात आमच्याकडे मेलेल्यांचे कागद वाचतात तेव्हा. सगळ्या गावाची, सगळ्या घरांची नावे मी एकटा वाचतो, साडेतीन तास लागतात. फोन बाहेर कोटाच्या खिशात होता. सार्जंटने अकरा वेळा लावला. वेळा जुळवून पाहिल्या, तर त्यातला एक मी मार्कियानच्या आईचे नाव वाचत असताना आलेला. निरोप मीच घ्यायचा, असा माझा हट्ट होता, आणि मी मेलेल्यांना हाका मारत उभा होतो.

संध्याकाळी आगगाडीत बसलो तेव्हा अनोळखी नंबरावरून फोन आला. नाव दिसले नाही, तरी तूच असणार हे मला ठाऊक होते. मी उचलला नाही. तू त्याच गावात होतास, आणि तो दोन दिवस एकटा पडून होता. मी पोचेपर्यंत त्याच्या उशाशी कोणी नव्हते. हे तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावे. फोनवर हे माझ्याच्याने बोलवले नसते, म्हणून काल दिवसभर लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

काल दुपारी तो शुद्धीवर आला. पहिल्यांदा दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. सेवेरिनला कळवलंत ना, म्हणून विचारले. मी मान हलवली. ते खोटे होते. त्याने डोळे मिटले. माझ्यावर विश्वास ठेवून तो झोपला आहे. आज तीन वाजता त्याला तिसऱ्यांदा शस्त्रक्रियेसाठी आत नेणार आहेत. डॉक्टर काही वचन देत नाहीत. तीनच्या आत माझे ते खोटे तू खरे कर.

सकाळी आमच्या फादरांना फोन केला. आमच्या घराच्या कागदावर जिवंतांच्या बाजूला एक नाव वाढवा, मार्कियानच्या शेजारी, असे सांगितले. पुढचा रविवार मला इथेच जाईल, म्हणून तेच वाचतील. नंतर मी वाचेन. आमच्याकडे मान वळवून पाहणारी एक बाई आहे. आता ती पाहील तेव्हा मीही तिच्याकडे पाहीन.

फाटकावर पास लागतो. त्यावर नाते लिहावे लागते, नाहीतर आत सोडत नाहीत. पहारेकऱ्याने मला विचारले, येणारा रुग्णाचा कोण. मी पास भरून खाली ठेवला आहे. तुझे नाव घातले आहे आणि रकान्यात लिहिले आहे, घरचा.

तुझा लोभ मागण्याचा हक्क मला नाही. लवकर ये.

ओनुफ्री

ता. क. सहावी पेटी जिवंत निघाली. त्याला सांगायचे राहून गेले. आत जाण्याआधी तूच सांग.