ओठाखालची खूण

ओस्लंड, मिनेसोटा
१२ सप्टेंबर १९८९

प्रिय व्हर्न,

इकडे सगळे बरे आहेत. मका डोक्यावर गेलाय, परवा कापणीला लागू. माझ्या जीनचा गुडघा अजून कुरकुरतोच. तुझी मार्गी कशी आहे?

हे पत्र मी आपणहून लिहीत नाहीये. आईचा फोन आला होता. रडत होती. म्हणाली, "लाइल, तू तंबाखू सोडलीस ना, मग कशी सोडलीस ते थोरल्याला लिही. आता तुझंच ऐकेल तो." तुझ्या हिरडीवरचा पांढरा चट्टा डॉक्टरांनी कापून तपासायला पाठवलाय, हेही तिच्याकडूनच कळलं.

तर ऐक. दंतवैद्याला मी सांगितलं, दातांसाठी सोडली. जीनला सांगितलं, "तुझ्यासाठी." तिनं खूश होऊन केक केला, तो मी मुकाट्यानं खाल्ला. गावच्या बेसबॉल संघातल्या पोरांना सांगितलं, दम टिकतो. सगळ्या थापा. मी सोडली ती तुझ्यावरच्या रागानं.

तू माझा कॅचर होतास. मी चेंडू टाकायचो, तू समोर उकिडवा बसून झेलायचास. लग्न करून मार्गीच्या गावी गेलास, त्यांच्या संघातून आमच्याविरुद्ध उतरलास, तेही मी गिळलं. पण गेल्या वर्षी तुमच्या पोरांनी मला असं धुतलं, की जणू पुढचा चेंडू कोणता ते मीच त्यांच्या कानात सांगत होतो. हिवाळ्यात चर्चमधल्या माशांच्या जेवणाला तुमच्या संघातला रॉयल दारू चढल्यावर बरळला, "अरे येड्या, तुझा ओठच बोलतो! चेंडू वळवायचा असला की आधी तू तो तंबाखूचा बार जिभेनं डावीकडे ढकलतोस. व्हर्ननं पहिल्याच दिवशी सांगितलं आम्हाला."

त्यांना पहिल्याच दिवशी. मला कधीच नाही. इतकी वर्षं समोर बसून बघत होतास की रे! आणि पहिली चिमूट माझ्या ओठाखाली ठेवली कुणी? तूच. गोठ्यामागं, माझ्या पहिल्या सामन्याआधी, माझी घाबरगुंडी उडाली होती म्हणून. "फक्त गिळू नकोस, बाळा," म्हणालास.

घरी येऊन डबी शेणाच्या खड्ड्यात भिरकावली. पुढं गाईंवर ओरडलो, जीनवर ओरडलो, जबडा दुखेस्तोवर सूर्यफुलाच्या बिया फोडल्या. तलफ आली की तुझं तोंड आठवायचो. तेवढ्यानं भागायचं.

मग हा ऑगस्ट आला. माझ्या ओठाखाली तंबाखू नव्हती, ज्येष्ठमधाची काळी गोळी होती. सबंध सामना मी ती खूण इमानानं दिली. गोळी डावीकडे, की चेंडू वळलाच. तुमच्या पोरांनी बदडलं, आमच्या बाकावरून शिव्या आल्या, येऊ दिल्या. मला खोटं एकदाच बोलायचं होतं, आणि तेही तुझ्याशी. शेवटचा फलंदाज तू. आम्ही एकाच धावेनं पुढं, तुझे दोन स्ट्राइक झालेले, तिसऱ्याला तू बाद. मी गोळी डावीकडे ढकलली. तू वळणाऱ्या चेंडूची वाट बघत राहिलास आणि चेंडू सरळ, सणसणीत गेला. तुझी बॅट खांद्यावरून हललीसुद्धा नाही. नंतर हात मिळवताना मी ओठ खाली ओढून तुला ती गोळी दाखवली. तेव्हाचा तुझा चेहरा आठवला की मला झकास झोप लागायची.

आईचा फोन आल्यापासून लागत नाही. त्या चेहऱ्यावर आता तो चट्टा येतो. हे मला चालणार नाही, व्हर्न. मला तू हरलेला हवास, आजारी नकोस.

आईसाठी, मार्गीसाठी सोडतो म्हणशील तर दोन दिवसांत पुन्हा डबी उघडशील. माझ्यावरच्या रागानं सोड. दोन्ही गावांसमोर मी तुझी कशी जिरवली ते आठव, आणि तलफ आली की माझा ओढलेला ओठ डोळ्यांसमोर आण. सोबत गोळ्यांची पुडी पाठवतोय. चव उग्र आहे, सवय होईल.

डॉक्टर काहीही म्हणोत, पुढच्या ऑगस्टला बॅट घेऊन माझ्यासमोर उभा राहा. न आलास तर जन्मात माफ करणार नाही.

तुला पुन्हा बाद करायला टपलेला,
तुझा धाकटा भाऊ
लाइल