एकोणीस जूनची भिंत

होळी गाव, वसई
३ ऑगस्ट २०२५

प्रिय ॲनिशाताई,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. मम्मी आता कोणाचा हात न धरता चर्चपर्यंत जाते. केळीला यंदा घड चांगले धरले आहेत. पप्पा निवृत्त झाले तरी रोज सकाळी बॅटरी घेऊन विहिरीत डासांच्या अळ्या शोधतात. तुझ्या गोळ्या पुऱ्या झाल्या ना? तू गडचिरोलीत दुसऱ्यांना हेच सांगत फिरतेस, तुला काय विचारायचं.

फोनवर हे जमलं नसतं. तू "बोल गं" म्हणाली असतीस आणि मी केळ्यांवरच थांबले असते.

मम्मीला ताप आला पंधरा जुलैला. मलेरिया निघाला, तेव्हा घरच्या ग्रुपवर मीच लिहिलं, "ताईने गडचिरोलीहून आणला." तू सहा तारखेला तापातच आली होतीस, तीन रात्री राहिलीस, त्यामुळे सगळ्यांना पटलं. शेजारची मेरी आंटी दारात उभी राहून म्हणाली, "एवढी शिकलेली पोरगी, आईला भेट काय आनली, तर ताप!" मी हसले. ताई, मला बरं वाटलं. या घरात तुझ्या नावाने पहिल्यांदाच कोणी नाक मुरडत होतं. तू ग्रुप सोडलास. मम्मीने तुला मरियामातेच्या सणाला येऊ नको म्हणून सांगितलं, तो फोनही मीच लावून दिला.

मग मागच्या आठवड्यात मम्मीच्या गोळ्यांचे दिवस मोजताना माझं लक्ष कॅलेंडरवर गेलं. पप्पा मलेरिया खात्यात डास पकडायचे, शाळेत जायच्या आधीच त्यांनी आपल्याला हे शिकवलं होतं. डास रोग्याचं रक्त प्याला म्हणजे लगेच ताप देत नाही. जंतू त्याच्या अंगात तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात आणि बरेचसे डास तेवढे जगतच नाहीत. जो जगतो, तो म्हातारा डास घातकी. त्याने चावल्यावरही ताप चढायला आणखी दहा-एक दिवस. भिंगाखाली तू डासाचं वय एका नजरेत ओळखायचीस. मला पप्पा "पुन्हा बघ" म्हणायचे.

तुला चावलेल्या डासाने मम्मीला ताप दिला असता, तर जुलैअखेर उजाडली असती. मम्मीला चावलेला डास तू यायच्या आधीच म्हातारा झाला होता.

आता जे टाळत होते ते लिहिते.

एकोणीस जूनला फवारणीवाले आले होते, घरातल्या भिंतींवर औषध मारायला; त्यावर बसलेला डास मरतो. शेजारच्या नव्या इमारतीत मजुरांना ताप होता. फवारणीवाल्यांतला धर्मा म्हणाला, "भिंतीवरचं तेवढं उतरवा मॅडम, दहा मिनिटांचं काम." भिंतीवर तुझी चौदा सर्टिफिकेटं. ती उतरवायची, पुसायची, पुन्हा त्याच क्रमाने लावायची. मी म्हटलं, आमच्याकडे नको, घरात दम्याचा पेशंट आहे.

आपल्याकडे दमा कोणालाच नाही.

तो डास आपल्याच भिंतीवर बसायचा का, हे कोणी सांगू शकणार नाही. पण बसत असला, तर त्याला म्हातारा मी होऊ दिला.

काल पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी बॅटरी घेऊन भिंतीवरच्या सर्टिफिकेटांमागे बघितलं. मी विचारलं, "तारखा जुळत नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं?"

"तीस वर्षं डासांची वयं काढली मी, बाय. फवारणीचं मात्र आज कळलं."

"मग सगळे ताईला बोल लावत होते तेव्हा गप्प का बसलात?"

"ॲनिशाने शपथ घातली. म्हणाली, प्रिसिला मम्मीच्या उशाशी बसली आहे, तिला आता काही बोलू नका."

लाज मला नंतर वाटली. आधी रागच आला. खोटा आळ सोसण्यातही तूच पुढे!

आज चर्चमधल्या मिस्सानंतर ग्रुपवर खरं लिहिलं. मेरी आंटीला कुंपणावरूनच सांगितलं. ती म्हणाली, "मंग दमा कोनाला हाय?"

मम्मीला सांगायचं राहिलं आहे. "जाऊ दे, पोर आहे," म्हणत ती तुला माफ करून बसली आहे, त्यामुळे माझं तोंड उघडत नाही. पण तिला सांगितल्याशिवाय हे पाकीट मी पोस्टात टाकणार नाही. तेव्हा पत्र हातात पडलं, तर तिला कळलं असं समज, आणि सणाला ये. स्टेशनवर पप्पा येतील. मी घरीच असेन. तुला समोर बघायला मला थोडा वेळ लागेल.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच धाकटी,
प्रिसिला