शर्टावरचे डाग

३ जून
एकदाची खोली मिळाली! दुसरा मजला, दोन खिडक्या, ऊन भरपूर. दवाखान्यातली नोकरी सोमवारपासून; पेशंटांची नावं लिहायची, नंबर द्यायचे. खाली घड्याळवाले काका-काकू राहतात. काकांनी न सांगताच माझी पेटी वर आणून दिली. वर म्हणाले, भाचीचंच सामान आहे असं समजतो. घरमालकीणबाईंनी लगेच वस्तीच्या ग्रुपमध्ये घातलं. आठशे माणसं! आता परकं वाटणार नाही.

९ जून
बाजारात बाँबस्फोट. अकरा माणसं गेली. संध्याकाळी काका जिन्यात भेटले, शर्टभर रक्त. दुरुस्त केलेलं घड्याळ पोचवायला गेले होते, ते जखमींना उचलून गाडीत घालत राहिले.
ग्रुपवर मेलेल्यांबद्दल दोन ओळी, बाकी सगळा खल कोणी केलं याचाच. जो तो काही ना काही सांगत होता. मीही लिहिलं, आमच्या खालचे काका शर्टावर रक्त घेऊन आले. पुढचं लिहिणार तोच धडाधड उत्तरं. शंभर जण विचारू लागले, आणखी काय पाहिलंस? मला इतकं कोणी कधी विचारलं नव्हतं. पुढचं लिहायचं राहिलं.

१० जून
राहिलं नाही. राहू दिलं.
काकांचा फोटो फिरतोय, तोंडाभोवती लाल गोल. एका बाईंना त्यांची नजर म्हणे पहिल्यापासून खटकायची. कोणीतरी लिहिलं, घड्याळवाल्याचेच बारा वाजवू. त्याखाली हसरे चेहरे, मोजता येईनात. मी खरं काय ते लिहायला घेतलं. तेवढ्यात एकाने बजावलं, बाजू घेणाराही त्यातलाच. पुसून टाकलं.

११ जून
भर दुपारी दुकान फोडलं. काकांना रस्त्यावर ओढलं. खिडकीतून पाहिलं. पडदा लावला.

१२ जून
काका शुद्धीवर नाहीत. खरे गुन्हेगार सापडले, काकांचा काही संबंध नाही. ग्रुपवर एकाने लिहिलं, झालं ते झालं. मग फुलांचे फोटो.
मग घरमालकीणबाई— काडी त्या नव्या मुलीनेच टाकली. ती तरी कोण, कुठली? स्फोटाच्या आठवडाभर आधीच कशी आली?

१३ जून
माझा फोटो. लाल गोल.
खाली माणसं जमलीत—
काकू आल्यात. मागच्या दाराने चल म्हणतात, पोरी, एकटी राहू नकोस. काकांचा फोन स्फोटाच्या दिवशीच फुटला, काकूंकडे फोन नाहीच. ग्रुपवर मी काय लिहिलं, त्यांना काही ठाऊक नाही. चपला हातात घेऊन उभ्या आहेत, माझ्या.
याच पानावर लिहून त्यांच्यापुढे धरते—
काकू, ते मी लिहि— काका तर माणसं उचलत होते, मला माहीत हो—