मोठ्या खोलीतली मार्चेला

आई, तुझ्या पिठाळ हातांना माझे मुके.

मी मजेत आहे. तू विणलेले मोजे घालते, पोटभर जेवते, खोकलाही गेला. गावोगाव जाऊन अपंग मुलांकडून व्यायाम करून घेणं मला जमतंय.

फक्त काल जे पाहिलं, ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी ज्यांच्या मुलीला बघायला गेले होते, त्या पारास्किवाकाकूंनी मला त्यांच्या मोठ्या खोलीत नेलं. आपल्यासारखीच, भिंतीवर हुंड्यातले गालिचे, उशांची चळत, शेगडी नाही म्हणून गारठा. जिथं आपण पाहुण्यांना बसवतो नाहीतर मेलेल्याला निजवतो, तिथं त्यांची चौदा वर्षांची मार्चेला पडून होती. ईस्टरचे कपडे, हात छातीवर जुळवलेले, डोळे मात्र उघडे, माझ्याकडे वळलेले.

"काकू, ही इथं का?" मी किंचाळलेच.

"तान्ही असताना डॉक्टर म्हणाले, वर्षभर काही जगायची नाही. म्हटलं, चांगल्या खोलीतून तरी जाऊ दे. ती गेलीच नाही, पोरी. आणि बाहेर आण असं कुणी सांगितलं नाही."

मी तिला उचललं. आपल्या शेळीहून हलकी गं! स्वयंपाकघरात काकूंनी मामालिगाचं पातेलं पाटावर उपडं केलं, पिवळ्या गोळ्यातून मक्याची वाफ उसळली आणि मार्चेला खदखदून हसली.

काकूंनी पातेलं खाली ठेवलं. "ही हसते?"

बाबांची कंबर कशी आहे? शेळी व्याली का?

आणि आई, दोम्निकामावशी तिची मोठी खोली ईस्टरलाही उघडत नाही ना? तिचा आजारी मुलगा इलारिओन तान्हेपणीच गेला म्हणतात. त्याला पुरताना तू पाहिलंस? पत्र मिळताच तिच्याकडे जा. दार उघडायला लाव.

तुझी,
झिना