दादाला उभं करताना

३ मार्च
आलो एकदाचा! इस्पितळापेक्षा धाकट्या बहिणीचं घर शंभरपट बरं. खोली मागच्या अंगाला आहे, पण खिडकीतून सायकल दुरुस्तीवाला दिसतो, तेवढीच करमणूक. पलंग तिच्या सासूबाईंचा. त्या यावरच गेल्या. मेहुणेबुवा म्हणाले, तुमच्या मापाने बेतल्यासारखा झालाय. पोटभर हसलो. डावं अंग लुळं, जीभ जड, उजवा हात मात्र शाबूत. म्हणून ही रोजनिशी.

४ मार्च
डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं की माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे धावतं. मेंदूच्या रक्तवाहिन्या तेव्हा आपापला पुरवठा सांभाळून घेतात. माझ्या वाहिन्या झटक्यानंतर ते विसरल्यात. पाणीखात्यात जन्म गेला माझा, चटकन कळलं. व्हॉल्व्ह अडकलाय, दाब उतरला की वरचा मजला कोरडा. हळूहळू सुधारेल. तोवर आधी टेकून बसायचं, मग पाय खाली सोडायचे, मगच उभं राहायचं. घाई केली तर मेंदूला आणखी इजा. धाकटीने पुन्हा पुन्हा विचारून घेतलं, इजा म्हणजे नेमकी काय. किती काळजी पोरीला!

९ मार्च
चहानंतर उभं राहायचा सराव. दोघं बगलेत हात घालून एका हिसक्यात उचलतात. अंधारी येते, मग काहीच नाही. भानावर येतो तेव्हा पलंगावर असतो. हळू उचला, म्हटलं. धाकटी म्हणाली, हळूच उचललं होतं दादा, तुझ्या लक्षात राहत नाही. असेलही.

१७ मार्च
दंडांवर काळेनिळे डाग. शब्द सापडत नाहीत. समोरचा तो दिवसभर हवा भरतो ते, गोल— चाक. चाक.
मोबाईल मागितला. चार्जिंगला लावलाय म्हणे. कालही लावला होता.

२४ मार्च
मेहुणेबुवा परगावी होते, त्यामुळे चार दिवस सराव बंद. बरं वाटतंय. आज तपासणी झाली. कानशिलाला यंत्र लावून मला उभं केलं. डॉक्टरीणबाई खूश. व्हॉल्व्ह आपणहून फिरायला लागलाय! धाकटी औषधांच्या रांगेत होती, मेहुणेबुवा गाडीपाशी. दोघांना सांगितलंच नाही. उद्या गंमत करायची.

२५ मार्च

हिसक्याने उचललं. अंधारी आली आणि ओसरली. डोकं लख्ख. नेहमीसारखी मान टाकली, डोळे मिटले. आता भॉक करणार, एवढ्यात धाकटी म्हणाली, "गेला. एवढ्यात झोपवू नका. असाच धरून ठेवा."
मेहुणेबुवा म्हणाले, हात भरून आले.
"तुमच्या आईला धरलंत तेव्हा नाही आले भरून? आधी बाबा, मग त्या, आता हा. जन्मभर मी दुसऱ्यांचं हगणं-मुतणंच काढायचं का?"
मग माझ्या केसांतून हात फिरवला. मायेने. म्हणाली, चिवट आहे मेला.

२७ मार्च
रोज मेल्याचं सोंग. व्यायाम शिकवणारी बाई आली होती. जिवाच्या आकांताने सांगितलं— उभं करतात— मारतात—. तोंडातून नुसता घोळ निघाला. धाकटी म्हणाली, भास होतात त्याला. बाई गालावर थोपटून गेली.

२९ मार्च
उभा असताना धाकटीने पापणीवर फुंकर घातली. हलली का? हलली असेल तर—
 तिचा श्वास बराच वेळ तोंडावर जाणवत राहिला.

३० मार्च
बाहेर फोन. डॉक्टरीणबाईंचा. धाकटी बोलतेय— हो का? कधीपासून?— आम्हाला बोललाच नाही बघा— बरं झालं बाई सांगितलंत—
फोन ठेवला.
कुजबुज. मेहुणेबुवा नको म्हणतायत. आता नको म्हणत नाहीत.
चादरीखाली लिहितोय. पावलं, दोघांची. चहाची वेळ नाही ही—
दाराबाहेरूनच विचारतेय, अगदी लाडात, दादा, काय काय ऐकलंस रे?
खिडकी— ओरडतो— सायकलवा