रेडिओबाईचा रोवणा

१८ जून १९५८, बुधवार

नागपूरहून परत. सहाही भाषणं एकाच दिवसात टेपवर घेतली, कारण पावसाळ्यात आमच्या रस्त्याचा भरवसा नाही. कार्यक्रम 'कर्जमुक्त घर'. दर बुधवारी संध्याकाळी साडेसहा. वक्त्या, कु. कमळा भोयर, बी. ए.

केंद्रावरचे देशकर साहेब म्हणाले, आवाज चांगला आहे. खेड्यातल्या बायकांच्या कार्यक्रमासाठी एक कायमची जागा निघते आहे. पण नुसतं बोलणाऱ्या पुष्कळ येतात. ऐकून कोणी काही केलं का, ते दाखवा. मुलाखत जुलैअखेर.

ही जागा माझी आहे. दाखवायला मी आमचं अख्खं गाव नेणार, म्हणजे गावाचं वर्तन.

बोलताना होस्टेलमधल्या विमलची निळी साडी नेसले होते. रेडिओवर साडी दिसत नाही, असं विमल म्हणाली. तिला व्यक्तिमत्त्व म्हणजे काय ते कळत नाही. साडी माझ्या ट्रंकेतच राहिली. ही उसनवारी नव्हे. विमलला निळा रंग आवडतच नाही.

२५ जून, बुधवार

पहिलं भाषण झालं. पंचायतीच्या रेडिओपुढे तीसेक माणसं. मी मुद्दाम मागे बसले, चेहरे पाहायला. न पाहते तर बरं झालं असतं.

शेजारचा पोचूभाऊ पूर्ण दहा मिनिटं बैलाच्या खुराबद्दल बोलत होता. पलीकडच्या घरची रुखमाबाई शेवटी म्हणाली, "आवाज तुझाच हाये वं, पण सर्दी झाल्यासारखा येते." बाबा उभ्यानं ऐकत होते. घरी येताना एकच विचारलं, की बोलायचे किती देतात. मी म्हटलं, बाबा, हे कार्य आहे. ते म्हणाले, हो, पण किती.

राग आवरला. कार्यकर्तीनं राग आवरावा.

२८ जून

आवरला नाही. माय सकाळीच रुखमाबाईकडे चाळणी मागायला निघाली होती. माझं भाषण होऊन तीन दिवस झाले नाहीत! मी दारात आडवी उभी राहिले. घरात शोध घेतला, तर रुखमाबाईचं सूप, पोचूभाऊची पहार, कोणाची तरी परात, आणि एक कंदील, जो कोणाचा ते मायलाही सांगता येईना. सगळं ज्याचं त्याला नेऊन दिलं. कंदील पंचायतीत ठेवला.

संध्याकाळी भातात खडे लागले. सूप नाही म्हणे. बाबांनी एक खडा काढून माझ्या ताटाजवळ ठेवला. स्वावलंबनाला सुरुवातीला थोडे खडे लागतातच.

२ जुलै, बुधवार

आज दुसरं भाषण, माझं सर्वांत आवडतं. "मीठ असो, विस्तव असो, की माणसाचे दोन हात असोत, जे उसनं घेतलं ते कर्ज." हे वाक्य मी होस्टेलच्या गच्चीवर लिहिलं होतं. ते ऐकून देशकर साहेबांनी टेबलावर पेन्सिल वाजवली होती.

इथे कोणी काही वाजवलं नाही. पण शांतता होती. पोचूभाऊसुद्धा गप्प! रुखमाबाईनं मला विचारलं, "हातबी काय?" मी म्हटलं, हातसुद्धा. ती म्हणाली, "बरं बाई."

बदल असाच घडतो. एका वाक्यानं.

७ जुलै

विजय. विहिरीवर रुखमाबाईनं सगळ्या बायकांसमोर सांगितलं, की यंदाच्या रोवण्याला भैयाजीकडे, म्हणजे आमच्या बाबांकडे, उसने हात जाणार नाहीत, रेडिओवर मनाई झाली आहे. आजवर धान रोवायला आज माझ्या बांधीत, उद्या तुझ्या, असं सगळं गाव एकमेकांकडे जायचं आणि महिनाभर सगळे सगळ्यांचे देणेकरी. एका भाषणानं हे मोडलं.

लगेच देशकर साहेबांना पत्र टाकलं.

मायला सांगितलं तर ती चुलीपुढून उठलीच नाही. म्हणाली, "आणि आपला रोवणा कोण करन?" मी म्हटलं, आपण. ती म्हणाली, "आपण म्हंजे कोण? तुह्या बापाचे दोन आन् माह्ये दोन?" माझे मोजले नाहीत. हे मला लागलं.

१३ जुलै, रविवार

पाणी भरपूर झालं. टाकलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार आहेत. ते उपटून चिखलात रोवायचे, एवढंच काम. आमची जेमतेम साडेतीन एकर.

बाबा सकाळी चार घरी जाऊन आले. पोचूभाऊ म्हणाला, "भैयाजी, माहं काई नाई. पण तुमच्या पोरीनं नागपूरवरून सांगतलं. सरकारी रेडिओ हाये. मोडलं तर कोणाले धरतीन?" बाकीच्या तीन घरी हसले.

आता खरा संताप ऐका. गावात सगळ्यांचे रोवणे पूर्वीसारखेच चालू आहेत! एकमेकांकडे जाताहेत, गाताहेत, जेवताहेत. मी रुखमाबाईला बांधावर गाठून जाब विचारला. ती म्हणाली, "आमच्यात उसनं नाई वं, येणं-जाणं हाये. उसनं तुमच्याच घरी होते." म्हणजे साऱ्या गावात माझं भाषण फक्त माझ्याच घराला लागू!

असा खोटेपणा मी पाहिला नाही. स्वतःच्या सोयीसाठी शब्द बदलायचे. कर्जाला दुसरं नाव दिलं की झालं.

१४ जुलै

रोख मजुरी देऊन माणसं लावावीत. साधा आर्थिक उपाय. बाबांना कसा सुचला नाही? रेडिओचे पैसे घेऊन मी आरमोरीपर्यंत फिरले. एक माणूस रिकामा नाही. ज्याला दोन पाय आहेत तो कोणाच्या ना कोणाच्या बांधीत वाकलेला. मजुरी दुप्पट सांगितली, तर एक बाई म्हणाली, "पैशानं येईन ना, पण पोळा झाल्यावर."

१७ जुलै

आम्ही तिघंच उतरलो. मी अर्धा दिवस काम केलं. एक कोपरा झाला. चिखल गुडघ्यावर येतो, आणि रोप सरळ उभं राहत नाही. माझी ओळ पाहून बाबा म्हणाले, राहू दे, वाऱ्यानं झालं असं वाटेल.

धान हेच पीक मुळात चुकीचं आहे. एकदा पेरायचं, मग उपटायचं, मग पुन्हा लावायचं. कोणी योजना केली ही?

देशकर साहेबांचं उत्तर आलं. मुलाखत ३० जुलै, बुधवार, सकाळी अकरा. "आपल्या गावाविषयी ऐकण्यास उत्सुक आहोत." आणखी चौघीजणी आहेत. चौघीही नागपूरच्या.

२० जुलै, रविवार

मायची कंबर धरली. ती पडून आहे आणि पडल्या पडल्या माझ्याकडे पाहते. ओरडली तर बरं.

पऱ्हे पिवळे पडताहेत. बाबा म्हणाले, "जून होऊन राह्यले. आठ दिवसांनी रोवले तरी लोंबी नाई धरणार." मग बांधावर जाऊन बसले. पावसात. घोंगडी न घेता. मी हाक मारली तर ऐकू आली नाही असं केलं. माझ्या कॉलेजची पाच वर्षं हा माणूस याच बांधीत वाकला. हे मी कुठल्याही भाषणात घातलं नव्हतं. घालायला हवं होतं.

संध्याकाळी रुखमाबाईकडे गेले. मागायला नाही. चर्चा करायला.

ती लसूण सोलत होती. पाच-सात बाया बसल्या होत्या. मी ग्रामजीवनातील सहकाराबद्दल बोलले. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "हात पायजे काय?"

मी म्हटलं, सहकार्य पाहिजे.

"हात पायजे काय?"

हो.

"उसने का इकत?"

सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे. मी म्हटलं, उसने. तिनं विचारलं, "कसे?" म्हणजे मागच्या बायांना ऐकू आलं नव्हतं. पुन्हा म्हटलं. मोठ्यानं. रेडिओवर म्हणते तसं.

ती म्हणाली, "आता आवाज साफ हाये."

तिच्या घरी मी पुन्हा पाय ठेवणार नाही.

२२ जुलै

काल-आज मिळून साडेतीन एकर रोवून झालं. सगळ्या आल्या. गात होत्या, माझ्यावर कडवी जोडत होत्या, त्यांत 'बी. ए.' हा शब्द वारंवार येत होता. बाबा जुड्या पुरवताना हसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

पण अट! दर घरी फेड करायला माय चालणार नाही, तिची कंबर गेली आहे. बाबा चालणार नाहीत, ते पुरुष. "रेडिओबाई पायजे." सात घरं, सात दिवस. उद्यापासून मोजलं तर २९ तारखेला सुटका. २९ लाच सकाळी मोटार पकडली तर ३० ला अकरा वाजता साहेबांपुढे. म्हणजे एक दिवस चुकतो. काहीतरी मार्ग निघेल. मी शिकलेली आहे.

२५ जुलै

पोचूभाऊची बांधी झाली. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या आहेत, लेखणी धरता येत नाही, म्हणून थोडक्यात.

परवा पाचवं भाषण झालं म्हणे. विषय, 'ज्याचं देणं त्याला आधी'. मला ऐकता आलं नाही. फेडीला गेले होते.

एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. हे कर्ज नाही. अर्थशास्त्रात याला विनिमय म्हणतात. आधी त्यांनी श्रम दिले, मग मी दिले. मधले दिवस केवळ तांत्रिक आहेत.

२८ जुलै, रात्री

सहा घरं झाली. उरली रुखमाबाई. तिचा रोवणा नेमका उद्या. पुढे ढकल म्हटलं तर म्हणाली, "पऱ्हे माह्ये हायेत, साहेबाचे नाई."

निर्णय घेतला. मी जाणार. नोकरी लागली की तिच्या घरी एकाऐवजी दोन दिवस येईन. हप्ता पुढे गेला म्हणून कोणी बुडवा ठरत नाही. शिवाय ती मला सगळ्यांसमोर ते वाक्य दोनदा म्हणायला लावते, तेव्हा तिचा हक्क तिथेच थोडा कमी होतो.

पहाटे निघेन. मायला सांगितलेलं नाही. बाबांना अंदाज आहे असं वाटतं. ट्रंक त्यांनी पुसून ठेवली.

२९ जुलै, मंगळवार. संध्याकाळ

शांतपणे लिहिते.

आरमोरीला सातची मोटार मिळाली. कंडक्टर सादिक नावाचा. त्यानं ट्रंक टपावर चढवली, तिच्यावरचं नाव वाचलं आणि हातातली तिकिटं खाली ठेवली. "आपा, तुम्हीच का त्या रेडिओवाल्या?" मग सगळ्या मोटारीला सांगू लागला. मागच्या बुधवारी त्यानं गुलाम रसूलच्या हॉटेलात माझं भाषण ऐकलं. दोन वर्षांपूर्वी हा आजारी असताना त्याच्या मामूनं याच्या रात्रपाळ्या केल्या होत्या, आणि हा परतफेडीचं टाळत होता. भाषण ऐकलं, तसाच उठला, तीन रात्री मामूच्या जागी आरागिरणीवर जागला. "झोपच लागत नव्हती आपा, आता लागते."

मी नागपूरला जे दाखवायला निघाले होते, ते हेच. जिवंत माणूस. एका भाषणानं बदललेला. साहेबांनी पेन्सिल नव्हे, अख्खं टेबल वाजवलं असतं.

मग तो म्हणाला, "तुमचं तर कोणाचंच काही बाकी नसेल." मी म्हटलं, नाही.

तो लोकांकडे वळून म्हणाला, "देखा?"

काय गरज होती त्याला? कोणी विचारलं होतं? माणसानं आपलं तिकीट फाडावं. गाव सुटून मैलभर गेलो असू, तेव्हा मी ओरडले, थांबवा. त्यानं विचारलं, काय झालं आपा? मी उतरले. काय सांगणार? तो बिचारा हात हलवत राहिला, आणि टपावर माझी ट्रंक, विमलच्या साडीसकट, ब्रह्मपुरीकडे निघून गेली.

तीन कोस चालत आले. चांगल्या पातळावर चिखल. रुखमाबाईच्या बांधीत पोचले तेव्हा बाया जेवून उठत होत्या. मी पदर खोचला आणि ओळीत उभी राहिले. दिवे लागणीपर्यंत मान वर केली नाही. रागाच्या भरात ओळ सरळ आली, असं शेजारी रोवणारी रंभा म्हणाली.

परतताना मी रुखमाबाईला म्हटलं, झाली फेड. आता मी कोणाचं काही लागत नाही.

तिनं पायाचा चिखल धुतला. म्हणाली, "दुपारी आली तू. अर्धाच दिवस धरला. कोपऱ्यातली बांधी राह्यली हाये, उद्या सकाळी लवकर ये."

उद्या तीस तारीख.

अर्धाच दिवस राहिला आहे. याला कोणी कर्ज म्हणत नाही.